‘माझ्याकडे आहे’ इंग्रजीत कसं सांगायचं? ‘हॅव’ची उकल, मराठीतून

निकालांचे दिवस आले की साताऱ्यात स्पोकन इंग्लिशच्या पाट्यांना जोर चढतो. वाई, कोरेगाव, कराड, पाटणकडची मुलं येतात. कोणाला बँकेची परीक्षा द्यायची असते, कोणाला पुण्यातल्या कंपनीत मुलाखत. यातल्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येतं, बातमी कळते, मोबाइलवर मेसेजही लिहिता येतो. पण मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की पहिली दोन वाक्यं, नाव आणि गाव, सुरळीत जातात आणि तिसऱ्या वाक्याला गाडी अडते. कारण तिसरं वाक्य घराचं असतं: भाऊ किती, बहीण आहे का, शेती आहे का. तिथे ‘हॅव’ लागतो. मग ‘माय ब्रदर हॅव’, ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’, ‘वी डिडन्ट हॅड’ असं काहीबाही तोंडून निघतं, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून पोरगं गप्प होतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. एवढ्या वर्षांनंतरही चार अक्षरांचा शब्द जमत नसेल, तर ‘मुलं अभ्यास करत नाहीत’ एवढं म्हणून विषय संपवता येणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की या चुका आळसातून होत नाहीत. त्या मराठीच्या अगदी पक्क्या व्याकरणातून होतात. मुलाच्या डोक्यात मराठीचा नियम बिनचूक चालू असतो. इंग्रजीचा नियम नेमका त्याच्या उलटा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मराठीत हे क्रियापदच नाही

‘हॅव’ला मराठीत काय म्हणतात? एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण असा शब्दच नाही. मराठीत फक्त ‘असणे’ आहे. मालकी, नातं, आजार, गुण हे सगळं आपण ‘आहे’ला वेगवेगळे प्रत्यय आणि शब्द जोडून सांगतो. ही वाक्यं बघा.

मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे दुचाकी आहे. माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. मला ताप आहे. आमच्या घराला दोन दारं आहेत. तिच्यात जिद्द आहे. आमची कोरेगावला शेती आहे.

सात वाक्यांत ‘ला’, ‘कडे’, ‘जवळ’, ‘त’, ‘ची’ अशा किती तऱ्हा झाल्या! आणि त्या आपण उगाच वापरत नाही. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, भाऊ सध्या तुमच्या घरी मुक्कामाला आलेत. ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणजे दारात गाडी उभी आहे. ‘मला सहाची गाडी आहे’ म्हणजे सहाची एसटी पकडायची आहे. नुसत्या ‘कडे’ आणि ‘ला’ने केवढा फरक पडला.

इंग्रजीत हे सगळे बारकावे एकाच शब्दात जातात. भाऊ, दुचाकी, सुटे पैसे, ताप, दारं, जिद्द, शेती, सगळ्याला ‘हॅव’. सहाच्या एसटीलाही ‘आय हॅव अ बस ॲट सिक्स’. म्हणून मराठी माणसाने ‘कडे’ला काय, ‘जवळ’ला काय असं शोधत बसायचं नाही. ‘माय निअर मनी इज’ हे वाक्य त्या शोधातूनच जन्माला येतं.

यात मराठी एकटी नाही. हिंदीत ‘मेरे पास’, संस्कृतात ‘मम अस्ति’, रशियनमध्ये तर ‘माझ्यापाशी आहे’ अशीच रचना. लॅटिनमध्ये ‘असणे’वाली, हुबेहूब ‘मला आहे’ म्हणणारी रचनाही होती आणि मालकीचं वेगळं क्रियापदही. इंग्रजीने क्रियापदाची वाट धरली. ‘हॅव’ या शब्दाचं मूळ ‘पकडणे, मुठीत धरणे’ या अर्थाच्या जुन्या धातूत आहे. म्हणजे इंग्रजी वाक्यात माणूस वस्तू धरून उभा असतो. मराठी वाक्यात वस्तू असते आणि ती कोणाकडे, कोणाला, कोणाची आहे ते आपण सांगतो.

क्रियापद ऐकतं कोणाचं?

सगळी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

‘त्याला एक बहीण आहे.’ ‘त्याला दोन बहिणी आहेत.’ माणूस तोच, एकटाच. मग ‘आहे’चं ‘आहेत’ कशामुळे झालं? बहिणी दोन झाल्या म्हणून. मराठीत क्रियापद वस्तूचं ऐकतं. आता इंग्रजी: ‘ही हॅज वन सिस्टर.’ ‘ही हॅज टू सिस्टर्स.’ ‘हॅज’ जागचा हलला नाही. बहिणी पाच असोत की एक, इंग्रजी क्रियापद ‘ही’कडे बघतं. उलट ‘त्यांना एकच बहीण आहे’ याचं इंग्रजी ‘दे हॅव ओन्ली वन सिस्टर’. बहीण एक, पण धनी, म्हणजे ज्यांना ती आहे ते, अनेक, म्हणून ‘हॅव’.

तलाठ्याच्या कागदांवर हे चांगलं समजतं. सातबारा गटाचा, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचा असतो: आधी जमीन, मग तिच्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते. आठ-अ खातेदाराचा असतो: आधी नाव, मग त्याच्या खात्यावर कुठल्या गटात किती जमीन आहे ते. माहिती तीच, पण कागद कोणापासून सुरू होतो यावर सगळी मांडणी बदलते. मराठी वाक्य सातबाऱ्याच्या चालीने जातं, ‘हॅव’चं वाक्य आठ-अच्या.

आता ‘ही हॅव टू ब्रदर्स’ म्हणणाऱ्या मुलाचं डोकं कसं चालतं ते बघा. ‘दोन भाऊ’ म्हणजे अनेकवचन, अनेकवचनाला ‘हॅव’, म्हणून ‘हॅव’. मराठीच्या न्यायाने उत्तर बरोबर आहे! त्याने फक्त चुकीच्या नामाकडे पाहिलं. वही समोर असेल तर वस्तूवर तळहात ठेवून ती झाकावी आणि फक्त धन्याकडे बघावं. ‘मी’, ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आम्ही’, ‘ते’ किंवा एकाहून अधिक नावं असतील तर ‘हॅव’. ‘तो’, ‘ती’, ‘ते एक’ किंवा एकच नाव असेल तर ‘हॅज’. मग हात काढून वस्तू जोडावी. आठवडाभर हे केलं की हात ठेवायची गरज उरत नाही.

भूतकाळात तर कामच सोपं. धनी कोणीही असो, ‘हॅड’. १८४८ साली इंग्रजांनी संस्थान खालसा करेपर्यंत साताऱ्याला राजा होता: ‘सातारा हॅड अ राजा’. छत्रपतींच्या गादीला अनेक किल्ले होते, तरीही ‘हॅड’. भविष्यकाळात सगळ्यांना ‘विल हॅव’.

निर्जीव वस्तू धनी होऊ शकते का?

‘धरण काय मालक असतं का?’ असा प्रश्न येतो, आणि रास्त आहे. इंग्रजीत हो, धरणही धनी होतं. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे, हे वाक्य पावसाळ्यात रोज पेपरात असतं. त्याचं इंग्रजी ‘द कोयना डॅम हॅज अ कपॅसिटी ऑफ…’ असं होतं. घराला दारं, सायकलला ब्रेक, गावाला वेस, सगळीकडे ‘हॅज’ चालतो. वस्तूचा भाग, वस्तूचा गुण असेल तर बेलाशक वापरा.

पण जिथे नुसतं ठिकाण सांगायचं आहे तिथे जपून. ‘टाकीत पाणी आहे’, ‘टेबलावर पुस्तक आहे’ यांत टाकीची किंवा टेबलाची मालकी नाही. तिथे इंग्रजी माणूस सहसा ‘देअर इज’ म्हणतो: ‘देअर इज वॉटर इन द टँक’. काही वाक्यं दोन्ही बाजूंनी चालतात. ‘साताऱ्यात किल्ला आहे’ हे ‘देअर इज अ फोर्ट इन सातारा’ असंही म्हणता येतं आणि ‘सातारा हॅज अ फोर्ट’ असंही. पहिल्यात किल्ला कुठे ते कळतं, दुसऱ्यात साताऱ्याची शान. आणि गंमत म्हणजे ‘देअर इज, देअर आर’मध्ये क्रियापद पुन्हा आपल्यासारखं वस्तूचंच ऐकतं. अजिंक्यतारा एकटा असेल तर ‘इज’, जिल्ह्यातले सगळे किल्ले घेतले तर ‘आर’. म्हणून मराठी मुलांना ‘देअर आर’ लवकर जमतं आणि ‘हॅज’ उशिरा.

प्रश्न आणि नकार

‘त्याच्याकडे लायसन्स आहे का?’ याला ‘डझ ही हॅव अ लायसन्स?’ मुलं हमखास ‘डझ ही हॅज’ म्हणतात, आणि कारण पुन्हा समजण्यासारखं आहे: ‘ही’ला ‘हॅज’ हे घोकून घोकून पाठ झालेलं असतं. पण ‘ही’साठी जो बदल करायचा तो वाक्यात एकदाच करायचा असतो. ‘डू’चा ‘डझ’ झाला तिथे तो झाला. नंतरचा ‘हॅव’ मूळ रूपातच राहणार. भूतकाळाचंही तसंच. ‘डिड’ने भूतकाळ दाखवला, आता पुन्हा ‘हॅड’ कशाला? ‘वी डिडन्ट हॅव’ बरोबर, ‘वी डिडन्ट हॅड’ चूक.

‘पण आम्हाला शाळेत हॅव यू अ पेन असं शिकवलं होतं, ते खोटं होतं का?’ खोटं नव्हतं. जुन्या ब्रिटिश इंग्रजीत तशीच पद्धत होती आणि आपली पाठ्यपुस्तकं त्याच वळणाची. आज असं बोललेलं क्वचित ऐकू येतं. ब्रिटनमध्ये ‘हॅव यू गॉट अ पेन’ खूप चालतं, अमेरिकेत ‘डू यू हॅव अ पेन’. दुसरं सगळीकडे समजतं, म्हणून तेच पक्कं करा. दोन्ही एकत्र करून ‘डू यू हॅव गॉट’ मात्र म्हणू नका.

‘हॅविंग’ कधी चालतं?

‘आय ॲम हॅविंग अ बाइक’ हे आपल्याकडे इतकं कानावर पडतं की चूक आहे हेच पटत नाही. मालकी ही स्थिती आहे. बाइक या क्षणी ‘असण्याचं काम चालू’ नसतं. ती आहे, एवढंच. म्हणून ‘आय हॅव अ बाइक’.

पण ‘हॅव’चा आणखी एक अर्थ आहे, आपल्या ‘घेणे’च्या जवळचा. चहा घेणे, जेवणे, विश्रांती घेणे, आंघोळ करणे. घरी पाहुणा आला की आपण ‘कंदी पेढा घ्या’ म्हणतो ना, ते थेट ‘प्लीज हॅव अ पेढा’. ‘बसा’ म्हणजे ‘हॅव अ सीट’. ही कामं आहेत, चालू असू शकतात, म्हणून ‘वी आर हॅविंग टी’ अगदी बरोबर.

ओळखायचं कसं? मराठी वाक्याला ‘तोय’, ‘तेय’ लावून बघा. ‘मी चहा पितोय’ जमतं, म्हणून ‘हॅविंग’ जमेल. ‘माझ्याकडे आत्ता बाइक असतेय’ कोणी म्हणत नाही, म्हणून ‘हॅविंग’ नको. ही कसोटी बहुतेक वेळा साथ देते.

‘भारतात सगळेच असं बोलतात, अर्थ कळतो ना?’ हे खरं आहे. साताऱ्यातल्या दोन माणसांत कळतंच, आणि बोलताना कोणी अडवूही नये. परीक्षेत मात्र गुण जातात. शिवाय काही ठिकाणी अर्थच फिरतो. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे ती बाळंत होणार आहे. नर्सिंगचा कोर्स करणाऱ्या मुलींनी एवढा फरक तरी पक्का ठेवावा.

मालकी नसलेला ‘हॅव’

इथपर्यंत जमलं की पुढचा गोंधळ समोर येतो. ‘आय हॅव ईटन’ यात मालकी कुठे आहे? कुठेच नाही. इथे ‘हॅव’ सहायक क्रियापद आहे, म्हणजे मुख्य क्रियापदाला मदत करणारं. आणि इथे मराठी आपल्या बाजूने आहे: ‘मी जेवलो आहे’ मध्येही ‘आहे’ तेच काम करतं. आपला ‘आहे’ जसा दोन्ही नोकऱ्या करतो तसाच त्यांचा ‘हॅव’. त्याच्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं: ‘हॅज गॉन’, ‘हॅज वेंट’ नव्हे.

सापळा फक्त एक. आपण ‘मी काल त्याला स्टँडवर पाहिलंय’ असं बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘२०१९ मध्ये’ अशी संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ गळून पडतो. ‘आय सॉ हिम यस्टरडे’, बस्स.

डॉक्टरांकडे लागणारं वाक्य जरा नीट बघू. ‘मला तीन दिवसांपासून ताप आहे.’ सरळ उतरवलं तर ‘आय हॅव फीव्हर सिन्स थ्री डेज’ होतं, आणि त्यात दोन चुका असतात. ताप तेव्हा आला आणि अजून आहे, तेव्हापासून आत्तापर्यंतचा सगळा काळ सांगायचा आहे, म्हणून ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’. पहिला ‘हॅव’ मदतनीस, दुसरा ‘हॅड’ खरा, ‘ताप असणे’वाला. दोन शेजारी आले म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि किती दिवस ते सांगताना ‘फॉर’, कुठल्या दिवसापासून ते सांगताना ‘सिन्स’: ‘सिन्स मंडे’.

‘मला जायचं आहे’

मराठीतलं हे वाक्य दुधारी आहे. ‘मला पुण्याला जायचं आहे’ यात हौस असू शकते, गरजही असू शकते. आपण सुरावरून ओळखतो. इंग्रजीत आधीच ठरवावं लागतं. हौस असेल तर ‘आय वाँट टू गो’. गरज असेल, म्हणजे ‘जावं लागणार’ असेल, तर ‘आय हॅव टू गो’. तारीख आहे, दवाखाना आहे, पेपर आहे, तर ‘हॅव टू’. साहेबांकडे रजा मागताना ‘आय वाँट टू गो’ म्हटलं की ती हौस वाटते आणि रजा हुकते.

याचा नकार तर त्याहून महत्त्वाचा. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे ‘येऊ नका’ असा अर्थ होत नाही. ‘यायलाच पाहिजे असं नाही, नाही आलात तरी चालेल’ एवढाच अर्थ. हे न कळल्यामुळे माणसं विनाकारण दुखावतात, हे मी पाहिलं आहे.

कानांनी ऐकताना

बोलताना ‘हॅव’ बारीक होतो. ‘हॅव टू’ कानाला ‘हॅफ्टू’ वाटतं, ‘हॅज टू’ ‘हॅस्टू’. ‘आय हॅव’चं ‘आइव्ह’ होतं. ‘ही इज’ आणि ‘ही हॅज’ दोन्हींचं ‘हीज’ होतं. पुढे ‘गॉट’, ‘गॉन’ असं काही आलं तर तो ‘हॅज’, पुढे ‘टॉल’, ‘कमिंग’ आलं तर ‘इज’. ‘शुड हॅव’ तर ‘शुड ऑफ’ ऐकू येतं आणि इंग्रजी मातृभाषा असणारेही ते तसंच चुकीचं लिहून टाकतात.

मुलाखतीचं तिसरं वाक्य

‘नियम पाठ करून कोणी बोलायला शिकतं का?’ नाही शिकत. म्हणून परक्या पुस्तकातली वाक्यं घोकण्यापेक्षा स्वतःच्या घरातली घ्या, कारण मुलाखतीत तीच विचारणार आहेत. एक बहीण आहे: ‘आय हॅव अ सिस्टर’. तिला दोन मुलं आहेत: ‘शी हॅज टू चिल्ड्रन’. वडिलांचं किराणा दुकान आहे: ‘माय फादर हॅज अ ग्रोसरी शॉप’. आमची दोन एकर शेती आहे: ‘वी हॅव टू एकर्स ऑफ लँड’, आणि एकच एकर असली तरी ‘वी हॅव’च. आजोबांची पिठाची गिरणी होती, आता नाही: ‘माय ग्रँडफादर हॅड अ फ्लाउअर मिल, वी डोन्ट हॅव इट नाऊ’. दोन वर्षांचा अनुभव आहे: ‘आय हॅव टू इयर्स ऑफ एक्सपीरियन्स’. ‘मला गाडी चालवता येते’ यात मात्र ‘हॅव’ आणू नका, तिथे ‘आय कॅन ड्राइव्ह’.

ही वाक्यं मोठ्याने म्हणा, घरातल्या कोणाला तरी प्रश्न विचारायला बसवा. आणि शेवटी ते विचारतीलच, ‘डू यू हॅव एनी क्वेश्चन्स?’ त्याला ‘येस, आय हॅव’ असं अर्ध्यावर तोडलेलं उत्तर देऊ नका. प्रश्न ‘डू’ने सुरू झाला, तर उत्तरही ‘येस, आय डू’. किंवा ‘येस, आय हॅव वन’ म्हणा आणि सरळ आपला प्रश्न विचारा: पगार किती, सुट्टी कधी, राहायची सोय आहे का.